यात आता प्राणी उरलेला नाही

४ फेब्रुवारी, सकाळी

नवी डायरी. ही कोणीही वाचायची नाही. थोर माणसांच्या डायऱ्या पुढे कधीतरी सापडतात, तशी ही सापडली तर माझा नाइलाज आहे. म्हणून अक्षर नीट काढणे.

संकल्प: चॉकलेटच्या धंद्याला हादरा देणे. पोट कमी करणे. बायकोशी वाद घालताना आवाज न चढवणे.

आज मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. कोको बटरचे भाव असेच चढत राहिले तर कारखान्याला कुलूप लावावं लागेल म्हणाले. टेम्परिंग मशीनवरच्या, म्हणजे वितळलेलं चॉकलेट ठराविक तापमानाला आणणाऱ्या यंत्रावरच्या बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी लगेच सांगितलं की बाजारात तयार वनस्पती फॅट मिळतं, सगळे तेच वापरतात, आपणही आणू. कल्पनाशक्तीचं वाटप चाललं होतं तेव्हा काही माणसं जेवायला गेलेली असतात. मी मालकांना म्हणालो, तयार पोती आणून टाकायला संशोधन विभाग कशाला हवा? मला महिनाभर द्या. संशोधन विभागात मी एकटाच असल्यामुळे निर्णय एकमताने झाला.

५ फेब्रुवारी

सापडलं!

संध्याकाळी मटण आणायला खाटकाकडे गेलो होतो. मटण मी आणि बायको खातो. लेक खात नाही. तीन वर्षांपूर्वी ती भटक्या जनावरांच्या आश्रमात काम करायला जाऊ लागली आणि तेव्हापासून सोडलं. अंड्यालाही हात लावत नाही. वयाचा भाग आहे, ओसरेल.

तर खाटकाच्या आकड्याला मेंढीची चरबी टांगलेली होती. पांढरी, घट्ट, कोरडी. बोटाने दाबली, दबली नाही. कोको बटर तरी दुसरं काय असतं? दोन्हींत मुख्य मेदाम्लं तीनच, आणि तीच. एका घरातली मंडळी दुसऱ्या घरात जेवायला बसावीत तसं. फरक एवढाच की कोको बटरमध्ये ती ठरलेल्या पाटावर बसतात आणि मेंढीत जागा मिळेल तिथे. म्हणजे त्यांना फक्त शिस्त लावायची.

खाटकाने चरबी फुकट दिली. साबण करता का, असं विचारलं. मी नुसता हसलो.

६ फेब्रुवारी

एक गोष्ट फक्त इथे नोंदवून ठेवतो. कारखान्यात माझ्या जिभेचा दबदबा आहे. घास तोंडात टाकताच मी सांगतो की बिया जास्त भाजल्या, दूध पावडर जुनी आहे, व्हॅनिला कमी पडला. पण मागच्या वर्षीच्या मोठ्या सर्दीपासून माझं नाक विश्रांती घेतंय. डॉक्टर म्हणाले वास परत येईल किंवा येणार नाही. मी पहिला पर्याय निवडला.

तोवर कामात खोळंबा नको. लेक चार वर्षांची असल्यापासून आमचा एक खेळ आहे. मी कारखान्यातून तुटका तुकडा आणायचा, तिने डोळे मिटून हात पुढे करायचा, तोंडात टाकायचा आणि आत काय काय आहे ते सांगायचं. आजवर ती चुकलेली नाही. तिने संध्याकाळी सांगितलेलं मी दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये माझ्या शब्दांत मांडतो. शब्द माझे असतात, हे महत्त्वाचं.

८ फेब्रुवारी, शनिवार

लेक आश्रमाच्या कामासाठी बाहेरगावी गेली, सोमवारी येणार. योग जुळून येतात ते असे.

बायकोचं सगळ्यात मोठं पातेलं घेतलं. चरबीचे बारीक तुकडे, थोडं पाणी, मंद आच. दुपारपर्यंत नितळ सोनेरी तेल सुटलं. वास अजिबात आला नाही.

शेजारीण येऊन विचारून गेली, घरात कोणाला बरं नाही का? वरच्या मजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. बायको नाकाला रुमाल बांधून बाल्कनीत बसली आणि जेवायलाही आत आली नाही. लोकांची नाकं फार लाडावलेली असतात.

९ फेब्रुवारी, रविवार

आज सुधारणेचा दिवस. चरबी हळूहळू थंड होऊ दिली, तेव्हा तिच्यात पांढरे दाणे धरले. ती उशीच्या अभ्र्यात भरून पिळली. पातळ भाग खाली गेला, घट्ट भाग वर राहिला. घट्ट तो आपला. मग कुकरला नळी जोडून त्याच्यातून तासन्‌तास वाफ सोडली, म्हणजे नसलेला वासही जाईल. शास्त्रात याला मॉडिफिकेशन म्हणतात. मी सुधारणा म्हणतो. एकदा सुधारलेल्या माणसाला कोणी त्याचं मागचं विचारत नाही, मग चरबीला का विचारावं?

बायकोने एकच चौकशी केली की अभ्रा कोणाच्या उशीचा घेतला. बघितलं तर लेकीचा होता. धुतला की झालं. बायको म्हणाली, अभ्रा मी धुते, पण तुम्ही हे तिला सांगणार आहात ना? तुमच्या हातून ती डोळे मिटून खाते.

अर्थात सांगणार. संकल्प: येत्या रविवारी लेकीला सांगणे.

१२ फेब्रुवारी

चॉकलेटची पहिली लादी तयार. निम्मं कोको बटर, निम्मी सुधारणा. संध्याकाळी तुकडा घरी आणला. लेकीने डोळे मिटले, हात पुढे केला. आधी नमुना चाखू द्यावा, मग सांगावं, असं ठरवलं. आधी सांगितलं तर मत कलुषित होतं.

बराच वेळ चघळली. म्हणाली, कोकोच्या मागे काहीतरी उभं आहे. पावसात भिजलेल्या लोकरीच्या स्वेटरसारखं.

मेंढी म्हटलं की लोकर आलीच. काय जीभ आहे पोरीची! ऊर भरून आला. मीटिंगसाठी नोंद: "चवीला उबदार पार्श्वभूमी." उद्यापासून संत्र्याची साल आणि पुदिना घालणे. व्हॅनिला दुप्पट.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सांगणार होतो. पण लेकीचा उद्या पेपर आहे. अभ्यासाच्या वेळी मुलांच्या मनावर ताण येऊ देऊ नये. एवढं भान बापाला हवंच.

अभ्यास करता करता तिने दुसरा नमुना खाल्ला. स्वेटर गेला म्हणाली, पण टाळूला काहीतरी चिकटून बसलंय, गरम पाणी प्यायल्यावरही जात नाही. नोंद: "दीर्घकाळ रेंगाळणारा आस्वाद." लोक यासाठी जास्त पैसे मोजतात.

२० फेब्रुवारी

मालकांना लादी दाखवली. त्यांनी तुकडा जिभेवर ठेवला आणि खर्चाचा कागद वाचला. कागद जास्त आवडला. मी सांगायला सुरुवात केली की हे फॅट मूळचं कशापासून, तर त्यांनी दोन्ही हात वर केले. म्हणाले, मूळ वगैरे मला सांगू नका, मी ऐकलेलं नाही, तुम्ही तज्ज्ञ आहात. तज्ज्ञ हा शब्द त्यांनी माझ्यासाठी पहिल्यांदाच वापरला. आभाळ ठेंगणं झालं.

लेबलवर काय छापायचं असा प्रश्न आला. मी लगेच मजकूर दिला: "सुधारित खाद्य स्निग्ध पदार्थ." चारही शब्द खरे आहेत. बाईंनी विचारलं, साहेब, कोणाचा स्निग्ध पदार्थ? मी म्हणालो, कारखान्याचा. मशीन धुताना त्यांनी तोंडाला दोन मास्क लावले होते. जळतात माझ्यावर.

ता. क. हल्ली घरी जाताना रस्त्यावरची कुत्री मागे येतात. आज चार होती. अंगावर येत नाहीत, आदराने अंतर राखून चालतात. माझ्या व्यक्तिमत्त्वात काहीतरी बदल झालेला दिसतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

सांगायचंच, असं ठरवून उठलो. चहा झाल्यावर लेकच समोर येऊन बसली. नव्या चॉकलेटबद्दल सगळ्या मैत्रिणींना सांगितलंय म्हणाली. मग विचारलं, "बाबा, यात प्राण्याचं काही नाही ना?"

प्रश्न नीट ऐकला. उतावीळपणे उत्तर देणं माझ्या स्वभावात नाही. शास्त्राच्या दृष्टीने पाहिलं तर वितळवून, पिळून, वाफवून झाल्यावर प्राणी असा उरतो कुठे? म्हणालो, "यात आता प्राणी उरलेला नाही."

तिने गळ्यात हात टाकले. स्वयंपाकघरात बायकोने पातेलं जरा जोरात आदळलं. पातेल्याला अजून वास येतो असं तिचं म्हणणं आहे.

आवाज न चढवण्याचा संकल्प दोघांनीही पाळला. दिवसभर कोणी कोणाशी बोललंच नाही.

२७ फेब्रुवारी

किरकोळ तांत्रिक बाब. लादी मोडताना टच् असा आवाज यायला हवा, तो येत नाही. ती वाकते. दोन फॅटचं आपसात जमत नाही, म्हणून दोन्ही मऊ पडतात, असं बाईंचं मत. मी वेगळा विचार केला. बिनआवाजाचं चॉकलेट! वाचनालयात, नाटकाला, शोकसभेला, कुठेही खाता येईल. मालकांना जाहिरातीची ओळ सुचवली. ते कपाळ चोळत राहिले.

लाद्यांवर पांढरट थरही धरतोय. पुसला की जातो. मग परत येतो.

२ मार्च, रविवार

आजची बातमी अशी की सांगण्याचा विषयच मागे पडला.

लेकीच्या आश्रमाचा पुढच्या रविवारी वार्षिक दिवस आहे. जनावरांच्या औषधपाण्यासाठी स्टॉल लागतात. तिने स्टॉलवर माझं चॉकलेट ठेवायचं ठरवलंय. खोकाभर लाद्या हव्यात. मालकांना फोन केला तर ते खूष, फुकटात नाव होईल म्हणाले. लेकीने आश्रमातल्या सगळ्यांना सांगितलंय की बाबांनी हे माझ्यासाठी शोधून काढलं. मी तसं म्हणालो नव्हतो. नाकारलंही नाही. मुलांचा आनंद हिरावून घेणारे बाप मला आवडत नाहीत.

बायकोने मला गॅलरीत नेलं आणि दार लावलं. म्हणाली, आज सांगितलंत तर पोर आठवडाभर रुसेल. तिथे स्टॉलवर कळलं तर काय होईल, याचा विचार करा.

विचार केला. स्टॉलवर कळणार कसं? ते मला, बायकोला आणि बाईंना माहीत आहे. मालकांनी ऐकलेलं नाही. मेंढी बोलणार नाही.

संकल्प: वार्षिक दिवस झाला की लगेच सांगणे. यशानंतर सांगितलेली गोष्ट माणसं हसत ऐकतात.

९ मार्च, रविवार, सकाळी, आश्रमात

कडक इस्त्रीचा शर्ट. खोकं मी स्वतः उचललं. आश्रमाच्या फाटकात पाय ठेवतो तोच कुत्र्यांच्या झुंडीच्या झुंडी धावत आल्या. शर्ट चाटला, बूट चाटले, बाही तोंडात धरली. आश्रमाचे लोक थक्क झाले, म्हणाले परक्या माणसाला ही कधी इतकी बिलगत नाहीत. मी म्हणालो, जनावरांना माणूस कळतो.

त्यातलं म्हातारं कुत्रं तीन पायांचं आहे. लेकीने ते रस्त्यावरून उचलून आणलं होतं, महिनाभर हाताने भरवलं होतं. नावच म्हाताऱ्या. ते खोक्याला नाक लावून बसलं ते उठेना.

लेकीने पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात पाटी लिहिली आहे: "माझ्या बाबांनी बनवलेलं. यात कुणाचाही जीव नाही." पाटी वाचून घशाशी काहीतरी आलं. भावनाच असणार. कारण नाश्ता केला नव्हता.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आजचा दिवस एकंदरीत संमिश्र.

विक्री सुरुवातीला जोरात होती. उन्हाने लाद्या वाकल्या, पांढऱ्या पडल्या, तरी लेक प्रत्येकाला हसून सांगत होती की नवं तंत्र आहे. मी भाषणाची तयारी करत झाडाखाली उभा होतो. तेवढ्यात टेबलामागून म्हाताऱ्याने खोक्यात तोंड घातलं. कोणाच्या लक्षात येईपर्यंत त्याने रॅपरसकट किती लाद्या संपवल्या देव जाणे. थोड्या वेळाने ते थरथरायला लागलं, मग ओकलं, मग आडवं झालं.

आश्रमाच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. काय खाल्लं, त्यात काय होतं, विचारलं. मी तोंड उघडायच्या आत लेकीनेच सांगितलं: कोको, साखर, वनस्पती फॅट, प्राण्याचं काही नाही, माझ्या बाबांनी बनवलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोको कुत्र्यांना विषच, त्याचं मी बघते. पण कडू चॉकलेट कुत्रं असं कागदासकट गिळत नाही. आत दुसरं काही जड असेल तर आत्ता सांगा, मला पुढचं औषध त्यावर ठरवायचंय.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, सुधारित खाद्य स्निग्ध पदार्थ.

"कसला?" डॉक्टरीणबाई.

मी म्हणालो, त्याची प्रक्रिया थोडी गुंतागुंतीची आहे. त्या म्हणाल्या, प्रक्रिया नको, वेळ नाही. लेकीच्या मांडीवर म्हाताऱ्याचं डोकं होतं. तिने वर बघितलं आणि विचारलं, "बाबा, यात काय आहे?"

इथे नोंदवून ठेवतो की मी सांगितलं. टाळाटाळ अजिबात केली नाही. फक्त आवाज जरा बारीक निघाला, म्हणून दोनदा सांगावं लागलं. मेंढीची चरबी. दुसऱ्या वेळी शेजारच्या स्टॉलपर्यंत ऐकू गेलं.

डॉक्टरीणबाई म्हाताऱ्याला आत घेऊन गेल्या तेव्हा लेक उठली. पाटी उलटी केली. मग ज्यांनी ज्यांनी लादी घेतली होती त्यांना शोधून, प्रत्येकासमोर उभं राहून, तिने स्वतः सांगितलं की यात काय आहे. मी मदत करू का विचारलं. ऐकू गेलं नसावं.

भाषण झालं नाही.

१० मार्च

म्हाताऱ्या वाचला. डॉक्टरीणबाईंनी बायकोला फोन करून कळवलं. वेळेवर माहिती मिळाली म्हणून वाचला म्हणाल्या. म्हणजे माझ्यामुळे. हे लेकीला सांगायला तिच्या खोलीच्या दाराशी गेलो. दार लावलेलं होतं. बाहेर धुतलेला अभ्रा घडी करून ठेवला होता, चिठ्ठी वगैरे काही नाही. अभ्र्याचंही बायकोने सांगितलेलं दिसतं; तिला नको असावा.

बायको म्हणाली, तुम्ही आठवडाभराचा रुसवा वाचवायला गेलात. पुढे काही बोलली नाही. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

१३ मार्च

मालकांनी बोलावलं. त्यांना मोठा धक्का बसलाय. चरबी? माझ्या कारखान्यात? मला कोणी काही सांगितलंच नाही, असं ते मला, बाईंना आणि फोनवर आणखी कोणाकोणाला सांगत होते. धक्का इतका मनापासून होता की क्षणभर मलाच वाटलं, आपण खरंच सांगितलं नाही की काय.

बाईंनी सांगितलेलं तयार वनस्पती फॅट आलं. लादी टच् आवाज करून मोडते. यात शोध कसला? संशोधन विभाग तूर्त बंद. मला लेबलांचं काम दिलंय: आत जे जे आहे ते सगळं नीट, पूर्ण, वाचता येईल अशा अक्षरात छापलंय की नाही ते तपासायचं. जबाबदारीचं काम आहे.

उरलेली सुधारणा बाईंनी ट्रॉलीच्या चाकांना लावली. वर्षानुवर्षं करकरणारी ट्रॉली आता गप्प आहे. माझ्या शोधाचा हा पहिला औद्योगिक उपयोग.

कुत्री अजून मागे येतात. पण कमी.

१६ मार्च, रविवार

सांगायचं काही शिल्लक नाही, म्हणून दिवस मोकळा होता.

काल कारखान्यातून नव्या लादीचा तुकडा आणला होता. लेबल मी स्वतः तीनदा तपासलेलं. दुपारी लेक म्हाताऱ्याचं औषध पुड्यांत भरत बसली होती. या आठवड्यात पहिल्यांदाच ती खोलीबाहेर बसली. मी समोर बसलो, तुकडा तळहातावर ठेवला आणि हात पुढे केला. काही बोललो नाही. खेळात बोलायचं नसतंच.

तिने तुकड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. डोळे मिटले नाहीत.

"यात काय आहे?" म्हणाली.

मी लेबल वाचून दाखवलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, बारीक अक्षरासकट. तिने सगळं ऐकून घेतलं. बरं म्हणाली आणि पुढची पुडी बांधायला घेतली.

हात बराच वेळ पुढे होता. चॉकलेट वितळायला लागलं, उगाच वाया जायला नको. मग मीच डोळे मिटले आणि तोंडात टाकलं. नीट चघळलं. कोको असावा, साखर होती. पुढचं काही कळेना.

बहुतेक सर्दी होणार.